कागदावरचं वय

मटाटू च्वेलेच्या बाजारात थांबली तेव्हा टायटस मबोंगा सगळ्यांच्या शेवटी उतरला. दोन तास दुमडून बसल्यावर त्याचे गुडघे सरळ व्हायला आताशा वेळ लागे, आणि ते चारचौघांना दिसू नये म्हणून त्याने एक रीत बसवली होती. आधी पिशवी खाली ठेवायची, मग बुटाची नाडी बांधायचं सोंग करायचं, आणि बाकीची माणसं पांगली की एकेक पाय जमिनीला लावायचा. सोळा वर्षं ज्या पायांच्या नावाने नैरोबीपासून दार एस सलामपर्यंत मैदानं दणाणली, ते पाय आता मालकाचंही ऐकेनासे झाले होते.

बाजारात सिकुकू मोटरसायकल घेऊन उभाच होता.

"आलास का रे, एकतिशीच्या बाळा?" तो म्हणाला.

"हळू बोल."

"का? इथे कोणाला ठाऊक नाही? माझा थोरला दोन-चार वर्षांत तुला गाठेल बघ. मग त्याला दादा म्हणत जा."

"गाडी हळू चालव एवढंच कर."

"हळूच चालवणार. कोवळी हाडं आहेत तुझी."

असं बोलायचा सिकुकूला हक्क होता. तो टायटसचा बकोकी. एका सालच्या ऑगस्टात, बारा-तेराव्या वर्षी, भल्या पहाटे नदीचा थंड चिखल अंगाला फासून, सुंतेच्या सुरीपुढे पापणी न हलवता जे उभे राहतात ते एकमेकांचे बकोकी. बकोकीने शिवी दिली तर राग मानायचा नाही, आणि बकोकीशी खोटं बोलायचं नाही. बुकुसूंच्या मुलखात तर माणसाला वय विचारतच नाहीत. कुठल्या साली उभा राहिलास, एवढंच विचारतात. त्या सालांच्या मोळ्या बांधलेल्या असतात आणि प्रत्येक मोळीला नाव असतं. टायटस आणि सिकुकू सावांमधले, सावांच्या अगदी शेवटच्या सालचे. त्यांच्या पाठीवर आले ते कोलोंगोलो.

आणि कागदावरचा टायटस मबोंगा त्या हिशेबाने कोलोंगोलोंमध्ये बसत होता.

ते असं झालं. टायटस वीस वर्षांचा असताना नैरोबीचा एक माणूस सतरा वर्षांखालच्या मुलांचा संघ निवडायला आला. टायटसचा खेळ बघून तो म्हणाला, पोरगं सोन्याचं आहे, पण याचं वय मला ऐकायचं नाही, वाचायचं आहे. तेव्हा टायटसचे थोरले बाबा, म्हणजे वडिलांचे वडीलभाऊ वाबुके, गावचे सहायक चीफ होते. शिक्का त्यांच्या खिशात. देवाला भिणारा माणूस, दर रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारा. पण पुतण्याचे पाय बघून त्यांनी एका दुपारी टेबलाशी बसून पत्र लिहिलं, आणि वीस वर्षांचा मुलगा पंधराचा झाला.

पुढे सगळं घडलं ते त्या पत्रावर. नैरोबीचा क्लब, मग झांबिया, मग टांझानियात चार हंगाम, मग परत किसुमू. एका साली लीगमध्ये सर्वांत जास्त गोल त्याचे. देशाचा शर्ट अकरा वेळा अंगावर चढला. आणि या सगळ्या काळात पाच वर्षं त्याच्या मागे मागे चालत होती, न बोलता. चौतीस वर्षांचा कोच त्याला "पोरा" म्हणायचा आणि त्याला मान खाली घालून "हो साहेब" म्हणावं लागायचं. खोलीतली मुलं लहानपणच्या गोष्टी काढायची तेव्हा तो झोपल्यासारखं करायचा. न जाणो, एखाद्या सालाची आठवण तोंडून निघायची. सामना संपला की बाकीचे नाचायला जायचे आणि तो बर्फाच्या पिंपात पाय घालून बसायचा. पाय दुखायचे ते दुखायचेच. त्याहून जास्त तो थकला होता रोज स्वतःला तपासून बाहेर पडण्याने.

आता थोरले बाबा गेले होते. त्यांना परवा माती दिली. किसुमूचा सामना होता म्हणून टायटसला दफनाला येता आलं नव्हतं. उद्याच्या कुमुसेला मात्र यायलाच हवं होतं. नातवंडं-पतवंडं बघून गेलेल्या, मान असलेल्या म्हाताऱ्यासाठीच कुमुसे होतं. दफनानंतर एक वृद्ध येतो आणि जमलेल्या माणसांच्या मधून चालत चालत, गात गात, मेलेल्याचं आणि जिवंतांचं दोघांचंही सांगणं सांगतो.

घराच्या अंगणात निलगिरीखाली खुर्च्या मांडल्या होत्या. त्यांतल्या एकीवर, जरा बाजूला, कोट घातलेला एक माणूस बसला होता. त्याला बघून टायटसने लंगडणं आवरलं आणि पाऊल सरळ टाकलं.

"डॉक्टर खायेम्बा," सिकुकू हळूच म्हणाला. "आपल्या गावचे जावई. दार एस सलामहून आलेत. तुझ्याच नव्या क्लबातले ना?"

"अजून माझा झालेला नाही."

दार एस सलामचा तो क्लब टायटसला दोन वर्षांचा करार द्यायला तयार होता, आणि त्यानंतर तिथल्याच मुलांच्या संघाचं प्रशिक्षकपद. बत्तीस वर्षांपुढचा खेळाडू ते घेत नसत. टायटसला दुसरं कुठलंच काम येत नव्हतं. शाळा अर्धवट, शेतात हात कधी लागले नाहीत. हा करार झाला तर पुढचं आयुष्य मैदानावर निघणार होतं. नाही झाला, तर छत्तिसाव्या वर्षी तो रिकाम्या हाताने अंगणात बसणार होता. करारावर एकच सही राहिली होती, ती क्लबच्या डॉक्टरची.

"या मबोंगा, बसा," डॉक्टर म्हणाले. "दुःखाच्या घरी कामाचं बोलू नये, पण उद्या कुमुसे झालं की मला निघायचंय. तुमची फाइल मी वाटेत वाचली."

"बरं."

"गुडघ्याचे फोटो पाहिले. एकतिसाव्या वर्षी असे गुडघे असू शकतात. मी पाहिलेत. ते मला अडवत नाही." त्यांनी मांडीवरच्या फाइलमधून एक पिवळा पडलेला कागद काढला. "हे थोरल्या बाबांचं अक्षर ना?"

"हो."

"सुरेख आहे. सोळा वर्षं हा कागद किती ऑफिसांतून फिरला असेल. नैरोबी, लुसाका, दार. कोणी नीट वाचला नाही. वाचून त्यांना कळलंही नसतं म्हणा." डॉक्टरांनी एका ओळीवर बोट ठेवलं. "इथे जन्मसाल लिहिलंय. आणि त्याच्याखाली, त्याच शाईत, 'पिढी: सावा.'"

टायटसने कागद हातात घेतला. सोळा वर्षांत तो त्याने एकदाही शेवटपर्यंत वाचला नव्हता. ओळ खरंच तिथे होती. थोरले बाबा प्रत्येक दाखल्यावर जन्मसालाखाली पिढी लिहीत. ती नसली की लोक दाखला परत आणत, अपुरा आहे म्हणत. तीस वर्षांच्या सवयीने हात चालत गेला होता. वरच्या ओळीत त्यांनी देवाची क्षमा मागून खोटं लिहिलं, आणि खालच्या ओळीत न विचारता खरं.

"म्हणजे आठव्या वर्षी तुमची सुंता झाली म्हणायची," डॉक्टर म्हणाले. आवाजात चेष्टा नव्हती. "होतं कधी कधी. घाईचे बाप असतात."

टायटसने कागद परत दिला.

"मी तुम्हाला विचारणार नाही. माणसाला वय विचारायची आपल्यात रीत नाही. उद्या कुमुसे गाणारे नामासाका आजोबा पिढ्या पुकारतील. तुम्ही कुठे उभे राहता ते मी बघेन, आणि तेवढ्यावर सही करेन. कोलोंगोलोंमध्ये उभे राहिलात तर थोरल्या बाबांच्या हातून चूक झाली असं समजेन. मेलेल्या माणसाची चूक कोण काढतं?"

"आणि नाही राहिलो तर?"

"तर चूक झालेली नाही."

रिस्पा, टायटसची बायको, दफनाला आली ती गावातच थांबली होती. पाहुण्यांसाठी कोंबड्या सोलत ती चुलीपाशी बसली होती. तो शेजारी येऊन दगडावर टेकला तेव्हा ती म्हणाली, "नेलिमाचे बाबा, तुमचा चेहरा तिकीट हरवल्यासारखा झालाय."

त्याने तिला सांगितलं. तिने पिसं झटकली.

"दारला समुद्र आहे म्हणतात," ती म्हणाली.

"आहे."

"नेलिमाला बघायचाय. मलाही."

"मग मी कोलोंगोलोंत उभा राहू?"

"मी कुठे म्हटलं? मी म्हटलं, बघायचाय." तिने पुढची कोंबडी जवळ ओढली. "तुम्ही झोपेत दात खाता, ठाऊक आहे का? लग्न झाल्यापासून. आधी मला वाटायचं गोल चुकला की खाता. पण गोल झाला त्या रात्रीही खाता."

दुसऱ्या दिवशी उन्हं कोवळी होती तोवरच अंगण भरलं. मधोमध लांब पट्टा मोकळा ठेवला होता, घरापासून थेट थडग्यापर्यंत. पूर्वेला वडीलधारे, त्यांच्याखाली बामाइना आणि बाचुमा या सावांआधीच्या पिढ्या, सगळ्यांत शेवटी सावा. पश्चिमेला कोलोंगोलो आणि त्यांच्यानंतरची पोरं. बायका घराच्या बाजूला. एकदा गाणं सुरू झालं की त्या पट्ट्यात दुसऱ्या कोणाचं पाऊल पडता कामा नये.

टायटस पश्चिमेला जाऊन बसला.

मुद्दाम मागच्या बाजूला, कडेच्या बाकावर. शेजारी इझ्रा नावाचा सुतार होता, खरोखरीचा एकतीस वर्षांचा. त्याने टायटसला पाहिलं, पुन्हा पाहिलं, मग बाक आपल्या बाहीने पुसून दिला. समोर, पूर्वेला, सिकुकू सावांमध्ये बसला होता. त्याने टायटसकडे एकदा बघितलं आणि नजर थडग्याकडे वळवली. रागावला नव्हता. बकोकीने बकोकीसाठी आंधळं व्हायचं असतं, तसा तो झाला.

जावयाच्या मानाच्या खुर्चीवर डॉक्टर खायेम्बा.

नामासाका आजोबा आले. खांद्यावर माकडाच्या कातड्याची काळी-पांढरी झूल, हातात काठी. म्हातारा सरळ उभा राहील की नाही असं वाटावं इतका वाकलेला. पण पट्ट्यात त्याने पहिलं पाऊल टाकलं आणि आवाज उचलला तेव्हा निलगिरीवरचे पक्षीसुद्धा गप्प झाल्यासारखे वाटले. असा आवाज देव सगळ्यांना देत नाही. चार पावलं चालायची, काठी टेकायची, एक ओळ गायची. मग बोलावं तशी बोलायची, म्हणजे ऐकणाऱ्याच्या मनात ती मुरते.

"वेले बाबा, देवा, तू माती कालवलीस," आजोबांनी सुरुवात केली, "आणि त्या मातीवर आम्हाला चालायला सोडलंस. वाबुके चालला. आज वाबुके मातीखाली आहे. त्याची पावलं कुठे आहेत? ती तुमच्यात आहेत."

कोणी खोकलं नाही. रडायचंही नसतं कुमुसेत. ऐकायचं असतं.

त्यांनी कुळांची नावं घेतली, नद्यांची घेतली. भांडखोर भावांना नाव न घेता टोचलं, दारू पिऊन बायकोला मारणाऱ्यांना टोचलं. दोघे-चौघे खाली बघू लागले. टायटसला लहानपणी ऐकलेली कुमुसे आठवली. तेव्हा तो थोरल्या बाबांच्या मांडीवर बसायचा, आणि आजोबा आपल्याकडे बघतील म्हणून त्यांच्या कोटात तोंड लपवायचा.

मग आजोबांनी पिढ्या पुकारायला घेतल्या. एकेक नाव गायचं, त्या पिढीने उठून उभं राहायचं, तिच्या वाट्याचे दोन शब्द ऐकायचे आणि बसायचं. बामाइना उठले, काठ्या टेकत. बाचुमा उठले.

"सावा," आजोबा गायले.

पूर्वेचे सावा उठले. सिकुकू उठला. टायटस आपल्या बाकावर बसून राहिला. आजोबा सावांना काही तरी सांगत होते, पण त्याला शब्द ऐकू येईनात. पेनल्टी मारायच्या आधी होतं तसं कानांत काहीतरी भरून राहिलं. सावा बसले. झालं, त्याला वाटलं. अवघड ते संपलं.

"कोलोंगोलो."

पश्चिमेची रांग उठली. टायटसने दोन्ही हात गुडघ्यांवर रोवले आणि तोही उठला, मान ताठ, राष्ट्रगीताला उभा राहतो तसा.

शेजारी इझ्रा उठला होता. त्याने डावीकडे बघितलं. खांद्याला खांदा लावून आपल्याबरोबर एक सावा उभा आहे हे त्याला जाणवलं, आणि तो हळूच खाली बसला. वडील पिढीच्या माणसाच्या खांद्याला खांदा लावून उभं राहणं त्याला शक्यच नव्हतं. हे त्याला कोणी शिकवावंही लागलं नसेल. त्याच्या पलीकडचा बघून बसला. त्याच्यापुढचे दोघे. मग ओळच्या ओळ, वारा आल्यावर मका वाकतो तशी. कोणी हसलं नाही, कोणी टायटसकडे रोखूनही बघितलं नाही. सगळे संकोचाने खाली बघत होते, जणू चूक त्यांचीच.

पश्चिमेला एकटा टायटस मबोंगा उभा राहिला.

आजोबा थांबले. काठी मातीत टेकून त्यांनी डोळे बारीक केले.

"कोलोंगोलो," ते साध्या बोलण्याच्या आवाजात म्हणाले, "मी तुम्हाला बोलावलं. तुमच्यातला एकच उठला. बाकीचे आजारी आहात का?"

टायटसला खाली इझ्राची मान दिसत होती, घामाने भिजलेली. दारच्या खोल्यांत, लुसाकाच्या बसमध्ये, किसुमूच्या बर्फाच्या पिंपात त्याने एकट्याने हे ओझं वाहिलं होतं. त्यात त्याने कधी दुसऱ्याला घेतलं नव्हतं. आज चाळीस माणसं त्याच्यासाठी खाली बसली होती आणि आजोबांचं बोलणं ऐकून घेत होती.

तो बाकावरून बाहेर पडला.

समोर सावांची ओळ तीसेक पावलांवर होती. मध्ये तो पट्टा, ज्यात पाऊल टाकायचं नाही. म्हणून त्याला मागून जावं लागणार होतं: सगळ्या बाकांमागून, बायकांच्या बाजूने, घराला वळसा घालून, गोठ्यापलीकडून पूर्वेला. निरोगी माणसाला तीन मिनिटांचा रस्ता. टायटस चालायला लागला, आणि चौथ्या पावलाला त्याने लंगडणं लपवायचं सोडून दिलं. ते त्याने ठरवून केलं नाही. लपवायला जे लागतं ते त्याच्यात उरलंच नव्हतं.

आजोबांनी पुढच्या पिढीचं नाव घेतलं नाही. त्यांनी सावांचं गाणं पुन्हा पहिल्या ओळीपासून धरलं. ते पट्ट्यात त्याच्याबरोबर चालू लागले, तो बाहेरून, ते आतून. टायटसचा उजवा पाय पडे तेव्हा त्यांची काठी पडे. तो गोठ्यापाशी कठड्याला धरून थांबला तेव्हा त्यांनीही ओळ अर्ध्यावर लांबवली, सूर थरथरला पण सोडला नाही, आणि तो निघाला तेव्हाच पुढचा शब्द घेतला.

"सावा, तुम्ही दुष्काळात उभे राहिलात," आजोबा गात होते. "नदी आटली होती, चिखल पुरत नव्हता. एकाच्या अंगावरचा चिखल काढून दुसऱ्याला फासला. वेले बाबा, आठवतं का तुला? आम्हाला आठवतं."

वाटेत तो रिस्पाच्या समोरून गेला. तिने खांद्यावरच्या कापडाचं टोक दातांत धरलं होतं. डॉक्टर खायेम्बांच्या मागून गेला. डॉक्टरांनी मान वळवली नाही.

सावांनी सरकून जागा केली. तो सिकुकूशेजारी उभा राहिला, आणि तेव्हा कुठे आजोबांनी शेवटची ओळ संपवली.

"ऑफसाइड होतास," सिकुकू ओठ न हलवता म्हणाला.

"गप."

"पहिल्यापासून झेंडा वर आहे. तू बघशील तर ना."

पुढे आजोबांनी कोलोंगोलो पुन्हा पुकारले आणि या वेळी सगळे उठले. टायटसने राहिलेलं सगळं कुमुसे ऐकलं, शब्द न् शब्द.

जेवणं सुरू झाली तेव्हा डॉक्टर त्याला शोधत गोठ्याकडे आले. फाइल हातात नव्हती.

"पाय पुढे करा," ते म्हणाले. ओंडक्यावर बसून त्यांनी गुडघा दोन्ही हातांत घेऊन वाकवला, सोडला, पुन्हा वाकवला. "छत्तीस?"

"छत्तीस. डिसेंबरात सदतीस."

"छत्तीसला हा वाईट नाही. एकतीसचा असता तर मी काळजीत पडलो असतो."

"क्लबला काय सांगाल?"

"वयाची अट बसत नाही, एवढंच. पत्राचं काही सांगणार नाही. पत्रात खरं लिहिलेलं आहेच, त्यांना वाचता येत नाही त्याला मी काय करू?" ते उठले. "प्रशिक्षकाच्या जागेसाठी विचारून बघेन. पण ते देतील असं समजू नका. त्यांच्या संघात खेळलेल्यालाच देतात ते."

"विचारू नका मग."

"विचारतो. माझं काय जातं?"

डॉक्टर गेले. रिस्पाने ताट आणून दिलं. मक्याच्या पिठाची घट्ट उगाली, कोंबडीचं कालवण. ती समुद्राबद्दल बोलली नाही आणि बसलीही नाही, दुसऱ्यांची ताटं वाढायला गेली. टायटसने जेवायला सुरुवात केली आणि त्याला कळलं की कालपासून त्याने काही खाल्लेलंच नाही.

थोड्या वेळाने इझ्रा आला आणि हात मागे बांधून समोर उभा राहिला.

"काका, माफ करा," तो म्हणाला. "मी बसायला नको होतं. मी ठरवलं होतं उभं राहायचं, तुम्हाला सांभाळून घ्यायचं. सिकुकूकाकांनी डॉक्टरांचं बोलणं कानावर घातलं, तेव्हा काल रात्री आम्ही सगळ्यांनी ठरवलं होतं. पण पाय उभेच राहिनात."

"माझेही राहात नव्हते," टायटस म्हणाला, आणि त्याला बसायला जागा करून दिली.